अवघड जागी वितळणारं औषध

फ्रिजच्या दारात लिंबं, लोण्याचं पाकीट, सॉसची बाटली. या सगळ्यांच्या मागे, कुणाच्या नजरेला पडू नये अशा बेतानं सरकवलेलं एक छोटं खोकं. आत चंदेरी वेष्टनात ओळीनं बसवलेल्या, बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या पाच-सहा कांड्या. घरातल्या नातवंडानं चॉकलेट समजून एखादी उघडायला घेतली, तर त्याला फार दोष देता येणार नाही. चॉकलेटचं आणि या कांडीचं नातं खरंच जवळचं आहे.

ही आहे सपोझिटरी. आयुर्वेदात तिला वर्ती म्हणतात, दवाखान्यातल्या सिस्टर ‘खालून ठेवायची गोळी’ म्हणतात आणि औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे करून काहीच म्हणत नाही. मूळव्याधीच्या त्रासावर ती बऱ्याचदा लिहून दिली जाते. पण दुखणं असं की त्याबद्दल विचारायचं कुणाला? ‘अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण मराठीत उगाच आलेली नाही. विचारलं जात नाही म्हणून सांगितलंही जात नाही. मग कांडी कुणी वेष्टनासकट वापरतं, कुणी पाण्याबरोबर गिळतं, आणि कुणी दोन महिने रोज वापरत राहतं.

कोडं साधं आहे. तळहातावर दोन मिनिटं धरली तर बुळबुळीत होणारी, मे महिन्यात दुकानातून घरी येईपर्यंत लोळागोळा होणारी ही वस्तू औषध म्हणून कशी काय चालते? आणि चालते म्हणजे नेमकं काय करते?

खोबरेल तेलाची बाटली

थंडीच्या दिवसांत खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. मग ती उन्हात ठेवायची, नाहीतर गरम पाण्याच्या तांब्यात. खोबरेल साधारण 24 अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं, म्हणून पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात ते पांढरं घट्ट होतं आणि मार्चमध्ये आपोआप पातळ होतं. प्रत्येक स्निग्ध पदार्थाची अशी आपली एक रेषा असते. तिच्या अलीकडे घन, पलीकडे द्रव.

औषधशास्त्रज्ञांना हवा होता असा पदार्थ, ज्याची रेषा खोलीच्या तापमानाच्या वर पण शरीराच्या तापमानाच्या जराशी खाली असेल. तो सापडला कोकोच्या बियांत. कोको बटर 34 ते 36 अंशांच्या दरम्यान वितळतं. शरीराच्या आतलं तापमान असतं 37 च्या आसपास. चॉकलेटची वडी हातात कडक राहते आणि जिभेवर वितळते ती याच दोन-तीन अंशांच्या फरकामुळे. फ्रान्समधला औषधशास्त्रज्ञ आंत्वान बोमे यानं अठराव्या शतकातच कोको बटर या कामासाठी सुचवलं होतं. आज बऱ्याच सपोझिटरी खोबरेल किंवा पामच्या बियांच्या तेलावर प्रक्रिया करून बनवलेल्या घट्ट चरबीच्या असतात. म्हणजे आपल्या बाटलीतल्या तेलाचीच वितळण्याची रेषा कारखान्यात दहा-एक अंशांनी वर सरकवलेली असते. काही कांड्या मात्र वितळत नाहीत, विरघळतात. त्या पाण्यात मिसळणाऱ्या पदार्थाच्या असतात आणि आतल्या ओलाव्यानं हळूहळू सुटतात.

एवढं कळलं की फ्रिजचं गणित उलगडतं. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 च्या घरात जातो. तिथे चरबीची कांडी कपाटात ठेवणं म्हणजे तूप चुलीशेजारी ठेवण्यासारखं. पण सरसकट फ्रिजच असंही नाही. खोक्यावर ‘25 अंशांखाली’, ‘30 अंशांखाली’ किंवा ‘2 ते 8 अंश’ असं स्पष्ट छापलेलं असतं, तेच पाळायचं. बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवायची नाही.

आणि एकदा पूर्ण वितळलेली कांडी पुन्हा गोठवली तर? चॉकलेट वितळून पुन्हा घट्ट झालं की त्यावर पांढुरके डाग येतात, ते पूर्वीसारखं कटकन मोडत नाही. कारण चरबीच्या कणांची रचना बदललेली असते. कांडीचंही तेच होतं. शिवाय वितळलेल्या अवस्थेत औषधाचा चुरा, कढीतल्या बेसनासारखा, तळाशी बसतो. बाहेरून दिसायला ती पुन्हा कांडीच असते, पण आतलं औषध एका टोकाला गोळा झालेलं असतं. नुसती मऊ पडलेली कांडी वेष्टनासकट गार पाण्याखाली किंवा फ्रिजमध्ये काही मिनिटं ठेवून वापरता येते. पार पाणी झालेली टाकून द्यावी.

नळाचा वॉशर

कांडी कशावर काम करते हे समजायला आधी मूळव्याध म्हणजे काय ते पाहायला हवं, कारण इथे एक मोठा गैरसमज आहे. मूळव्याध म्हणजे बाहेरून उगवलेला कोंब, असं बहुतेकांच्या मनात असतं. ‘मोड आलाय’ हा शब्दप्रयोगही तेच सुचवतो. प्रत्यक्षात जिची मूळव्याध होते ती वस्तू प्रत्येकाच्या शरीरात जन्मापासून असते.

नळ बंद करताना धातूवर धातू कितीही घट्ट आवळला तरी थेंब गळतच राहतो. मध्ये रबराचा वॉशर असला की तो दाबला जाऊन फट बुजवतो. गुदद्वाराच्या गोल स्नायूंचं असंच आहे. नुसते स्नायू आवळून मार्ग पूर्ण बंद होत नाही. म्हणून आतल्या बाजूला, अस्तराखाली, रक्तवाहिन्या आणि मऊ ऊतींच्या तीन गुबगुबीत गाद्या असतात. त्या रक्तानं फुगतात आणि उरलेली फट भरतात. विश्रांतीच्या वेळी गुदमार्ग बंद ठेवणाऱ्या दाबापैकी साधारण 15 ते 20 टक्के वाटा या गाद्यांचा असतो. वायू सरतो आहे की आणखी काही, हा सूक्ष्म भेद करायलाही त्या मदत करतात. 1975 मध्ये थॉमसन या ब्रिटिश शल्यविशारदानं या गाद्यांचं नीट वर्णन केलं आणि मूळव्याध म्हणजे फुगलेल्या नसा हे जुनं चित्र मागे पडलं.

मग बिघडतं कुठे? जुनी गोधडी आठवावी. टाके मजबूत असतात तोवर आतल्या चिंध्या जागच्या जागी राहतात. टाके उसवले की सगळं एका कोपऱ्यात गोळा होऊन लोंबायला लागतं. या गाद्यांना भिंतीशी धरून ठेवणारे बारीक स्नायूतंतू असतात. कडक शौच, रोजचं कुंथणं, संडासात तासन्‌तास बसणं, गरोदरपण, वाढतं वय यांनी ते टाके सैल होतात. गाद्या खाली घसरतात, त्यात रक्त साचतं आणि शौचाचा खडा घासून जाताना पातळ अस्तर सोलवटतं. तेच ते लालभडक रक्त, कधी थेंब, कधी चिळकांडी.

घसरण किती यावर डॉक्टर चार पायऱ्या करतात. पहिल्या पायरीवर गादी आतच असते, फक्त रक्त जातं. दुसरीत कुंथल्यावर बाहेर येते आणि आपोआप आत जाते. तिसरीत बोटानं ढकलावी लागते. चौथीत ढकलूनही जात नाही. कांडीचा काही उपयोग असलाच तर तो पहिल्या दोन पायऱ्यांवर. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर कांड्यांवर पैसे घालवणं म्हणजे छत कोसळलेलं असताना भिंतीला रंग देणं.

वेदनेची हद्द

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी कांडीच्या खोक्यावर कधी लिहिलेली नसते.

गुदद्वारापासून साधारण दोन सेंटिमीटर आत अस्तरावर एक दातेरी रेषा असते. तिच्या खालची बाजू त्वचेच्या जातीची. तिथे सुई टोचली तर माणूस ओरडेल. तिच्या वरची बाजू आतड्याच्या जातीची. तिथे टोचल्याचं कळतसुद्धा नाही. म्हणून आतल्या मूळव्याधीतून वाटीभर रक्त गेलं तरी दुखत नाही, आणि बाहेरच्या बाजूला रक्ताची इवलीशी गाठ झाली तरी बसणं मुश्कील होतं. आतल्या गाद्यांना भूल न देता रबराची बारीक कडी लावून त्या सुकवता येतात, तेही या रेषेच्या कृपेनं.

कांडी वितळते कुठे? गुदद्वाराचे गोल स्नायू ओलांडून ती आत गेली की वरच्या मोकळ्या भागात, मलाशयात, सरकते. तिचा जोर वर जाण्याकडेच असतो. म्हणजे ती बऱ्याचदा दुखऱ्या जागेला बगल देऊन, जिथे वेदना जाणवतच नाही तिथे जाऊन वितळते. वितळलेली चरबी खाली झिरपते, अस्तराला लेप मिळतो, पुढच्या शौचाला निसरडी वाट मिळते आणि सुजेपर्यंत काही प्रमाणात औषध पोचतं. पण ‘बधिर करणारं औषध असलेली कांडी ठेवली, तरी बाहेरचं ठणकणं थांबत नाही’ ही तक्रार येते ती याच भूगोलामुळे. बाहेरच्या दुखऱ्या गाठीला किंवा खाजेला मलम बरं, आतल्या जळजळीला आणि सुजेला कांडी बरी.

जर्मनीत या अडचणीवर एक युक्ती निघाली आहे. तिथे कांडीच्या मधून जाळीदार कापडाची पट्टी घातलेली मिळते. पट्टीचं एक टोक बाहेर राहतं, त्यामुळे कांडी वर सटकत नाही आणि औषध गुदमार्गातच सुटतं.

कांडीत असतं काय

मूळव्याधीच्या कांड्यांचं मिश्रण कंपनीगणिक बदलतं, पण घटक चार-पाच गटांतलेच. लिडोकेन किंवा सिंकोकेन हे बधिर करणारे. दात काढताना डॉक्टर जे इंजेक्शन देतात त्यांचे हे भाऊबंद. झिंक ऑक्साइड, बिस्मथची संयुगं ही तुरट आणि लेप देणारी. उन्हातून आल्यावर लावायच्या कॅलामाइनमधला पांढरा भाग हाच झिंक ऑक्साइड. फिनाइलएफ्रिन रक्तवाहिन्या आकसवतं. सर्दीच्या गोळ्यांतही ते असतं, नाकातली सूज उतरवायला. आणि हायड्रोकॉर्टिसोनसारखं सौम्य स्टेरॉइड सूज आणि खाज कमी करतं.

यातलं काहीही गाद्यांचे उसवलेले टाके पुन्हा घालत नाही. कांडी मूळव्याध बरी करते असा दावा करणारी जाहिरात खोटी समजावी. ती काही दिवस आराम देते, एवढंच तिचं काम. ते कमी नाही. प्रवासात असलेल्या किंवा परीक्षेला बसलेल्या माणसाला विचारा.

‘वरून लावायचंय, पोटात थोडंच जातंय’ हा समजही तपासून पाहायला हवा. मलाशयाच्या खालच्या भागातून निघणाऱ्या शिरा थेट मुख्य रक्तप्रवाहात जातात. तोंडानं घेतलेली गोळी आधी यकृताच्या जकातनाक्यावर थांबते, तिथे तिचा काही भाग मोडला जातो. खालून घेतलेल्या औषधाचा बराचसा वाटा हा नाका चुकवतो. उलट्या होणाऱ्या तापकरी मुलाला पॅरासिटामॉलची कांडी देतात, ती मलाशयातून औषध रक्तात शिरतं म्हणूनच. एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांना हा मार्ग इतका भरवशाचा वाटला होता की 1881 मध्ये गोळी लागून अंथरुणाला खिळलेले अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना मांसाचं सार आणि अंडी खालून देण्यात आली. औषध शोषलं जातं म्हणून जेवणही शोषलं जाईल, हा हिशेब चुकीचा होता. गारफिल्ड खंगत गेले.

मुद्दा असा की कांडीतलं औषध शरीरभर पोचू शकतं. रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइड किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी फिनाइलएफ्रिनची कांडी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. स्टेरॉइडची कांडी स्वतःच्या मनानं आठवड्याच्या वर नको; लांबवली तर तिथली त्वचा पातळ होते, जंतू आणि बुरशीला आयती जागा मिळते. बधिर करणाऱ्या औषधाची काहींना ॲलर्जी होते. मग खाज वाढते, खाज वाढली म्हणून माणूस आणखी कांड्या वापरतो, आणि चक्र सुरू होतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घटक पाहूनच, डॉक्टरांच्या सल्ल्यानं वापरावी. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: तेलकट कांडी आणि मलमांमुळे रबरी निरोध कमकुवत होऊन फाटू शकतो.

सगळ्या कांड्या सारख्या नसतात

घराघरांत यापेक्षा साधा घोटाळा होतो. फ्रिजमध्ये कांड्यांची दोन-तीन खोकी असतात आणि चष्मा दुसऱ्या खोलीत असतो.

ग्लिसरीनची कांडी मूळव्याधीची नाही, बद्धकोष्ठाची आहे. ती आतड्याच्या भिंतीतून पाणी ओढते आणि कळ आणते. बिसाकोडिलची कांडी आतड्याच्या नसांना चेतवते आणि तासाभरात पोट साफ करते. सोललेल्या, सुजलेल्या गाद्यांवर ही कळ आणणारी कांडी ठेवली तर आग आग होते. डायक्लोफिनॅकची कांडी वेदनाशामक असते. सिझेरियन किंवा इतर शस्त्रक्रियेनंतर दिली जाते आणि उरलेली घरी येते. ‘दुखतंय ना, मग ही ठेव’ म्हणून ती मूळव्याधीला वापरणं धोक्याचं. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, दमा असलेल्यांना ती आणखी त्रास देऊ शकते.

आपल्याकडे कांडीची परंपरा जुनी आहे. तान्ह्या बाळाला दोन दिवस शी झाली नाही की आजी विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावायची. काही घरांत साबणाची बारीक कांडी केली जायची. तत्त्व तेच, नाजूक जागा चेतवून कळ आणण्याचं. देठाचं एक वेळ सोडून देऊ, पण साबणातल्या क्षारानं अस्तर भाजतं. तो प्रयोग बाळावरही करू नये आणि मूळव्याधीच्या माणसावर तर मुळीच नाही.

टोक आधी की बूड आधी?

कांडीला एक निमुळतं टोक असतं, एक सपाट बूड. टोक आधी घालायचं हे सांगायची गरज कुणालाच वाटत नाही. 1991 मध्ये इजिप्तमधल्या डॉक्टरांनी मात्र हा प्रश्न गंभीरपणे विचारला आणि उत्तर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आणलं. मोठी माणसं आणि मुलं मिळून शंभर जणांवर त्यांनी दोन्ही पद्धती करून पाहिल्या. बूड आधी घातलं तर कांडी आत टिकवणं बहुतेकांना सोपं गेलं आणि ती बाहेर आली नाही. त्यांचं स्पष्टीकरण असं: गोल स्नायू निमुळत्या टोकावर आवळले की कांडी आतल्या दिशेनं सटकते. ओल्या साबणाची वडी मुठीत दाबली की ती कशी पुढे निसटते, तसं.

एका प्रयोगावर जगभरची रीत बदलत नाही. बहुतेक कंपन्यांच्या सूचनापत्रकांत अजून टोक आधी असंच असतं आणि दोन्ही पद्धतींनी औषध पोचतं. म्हणून हातातल्या पत्रकाप्रमाणे करावं. कांडी पुन्हापुन्हा बाहेर येत असेल तर बूड आधी घालून चालेल का, हे डॉक्टरांना विचारावं.

बाकी कृती सोपी आहे, फक्त घाई चालत नाही. शौचाला जाऊन आल्यावर, शक्यतो रात्री झोपताना कांडी ठेवावी. आधी ठेवली तर शौचाबरोबर पैसे वाया. नखं कापलेली, हात साबणानं धुतलेले. जागा कोमट पाण्यानं धुऊन, घासून न पुसता टिपून कोरडी करावी. जेट स्प्रेचा जोरदार फवारा या दिवसांत नको. मग वेष्टन काढायचं, पूर्ण काढायचं. हे सांगणं बाळबोध वाटेल, पण प्लॅस्टिकच्या कडा आतलं अस्तर कापू शकतात. कांडी थोड्या पाण्यानं ओली करावी म्हणजे सरकते. पाण्यात विरघळणाऱ्या कांडीला व्हॅसलीन किंवा तेल फासलं तर ती नीट सुटत नाही, म्हणून पाणीच बरं.

डाव्या कुशीवर झोपावं, खालचा पाय सरळ, वरचा गुडघा पोटाशी. मलाशयाच्या वरचं आतडं डावीकडे वळलेलं असतं, त्यामुळे ही ठेवण सोयीची. तोंडानं सावकाश श्वास सोडताना गोल स्नायू सैल पडतात. त्याच क्षणी कांडी बोटानं साधारण एक इंच आत ढकलावी. अडथळा वाटला तर जोर लावू नये. मग पंधरा मिनिटं पडून राहावं आणि तासभर तरी संडासात जाणं टाळावं. वितळलेली चरबी थोडी बाहेर झिरपणारच, जुनी चादर किंवा पॅड घ्यावा. कपड्यावर तेलकट डाग दिसला म्हणजे औषध वाया गेलं असं नव्हे.

> चौकट: ठेवण्याआधी एक नजर
>
> खोक्यावरचं नाव वाचलंत? ग्लिसरीन, बिसाकोडिल, डायक्लोफिनॅक ही मूळव्याधीची औषधं नाहीत.
> मुदत संपलेली नाही ना? कांडी पूर्ण वितळून पुन्हा गोठलेली नाही ना?
> दिवसातून किती आणि एकूण किती दिवस, हे ठरलंय? स्टेरॉइड असेल तर आठवड्याच्या आत थांबायचं.
> मोठ्यांची कांडी लहान मुलाला द्यायची नाही, कापूनसुद्धा नाही.
> ठेवताना सुरीनं कापल्यासारखी कळ आली तर थांबायचं. हे मूळव्याधीपेक्षा वेगळं काही असू शकतं.
> चुकून गिळली असेल तर वेष्टन दाखवून डॉक्टरांना कळवायचं.

खरं काम स्वयंपाकघरात

कांडीनं आराम पडतो आणि माणूस विसरून जातो. महिन्याभरानं पुन्हा तेच. कारण गाद्या घसरवणारा खडा तसाच राहिलेला असतो.

या बाबतीतला पुरावा कांड्यांपेक्षा साध्या कोंड्याच्या बाजूनं भक्कम आहे. 2005 मध्ये कॉक्रेन या संस्थेनं सात चाचण्या एकत्र तपासल्या. आहारातला चोथा, म्हणजे फायबर, वाढवणाऱ्या रुग्णांमध्ये त्रास चालू राहण्याचं आणि रक्त जाण्याचं प्रमाण सुमारे निम्म्यानं घटलं होतं. अशी घट दाखवणारा पुरावा कुठल्याही कांडीच्या गाठीला नाही.

चोथा हवा तो दिवसाला 25 ते 30 ग्रॅम. मैद्याचा पाव आणि बटाट्याची भाजी यांतून तो येत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालासकट डाळी, मटकीची उसळ, पालेभाजी, गवार, पेरू यांतून येतो. इसबगोलाचा भुसा हा त्यातला सगळ्यात सोपा उपाय. एक चमचा भुसा वाटीभर पाण्यात टाकून दहा मिनिटांनी पाहावं: तो फुगून जेलीसारखा होतो. आतड्यात तो हेच करतो, पाणी धरून ठेवतो आणि शौचाला मऊ, जाड आकार देतो. मात्र त्यासोबत दोन पेले पाणी हवंच. कोरडाच भुसा गिळला तर तो पाण्याच्या शोधात उलट घात करतो.

दुसरं काम संडासातलं. 2025 मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात बोस्टनच्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला. आतड्याच्या दुर्बीण तपासणीसाठी आलेल्या 125 जणांना त्यांनी संडासात मोबाइल नेता का, असं विचारलं. नेणाऱ्यांमध्ये मूळव्याध आढळण्याची शक्यता 46 टक्क्यांनी जास्त निघाली. मोबाइलमुळेच मूळव्याध झाली असं यावरून सिद्ध होत नाही, पण रीळ पाहत वीस मिनिटं भोकाच्या भांड्यावर बसलं की खालून आधार नसलेल्या गाद्यांवर रक्ताचा भार येतो, हे समजायला अभ्यासाची गरज नाही. पूर्वी वर्तमानपत्र घेऊन जाणारे आजोबाही याच यादीत बसतात.

दुखऱ्या दिवसांत कोमट पाण्यानं भरलेल्या पसरट टबात दहा-पंधरा मिनिटं बसण्यानं गोल स्नायूंचा ताठा सुटतो. त्यात तुरटी, जंतुनाशक काही टाकायची गरज नाही.

सगळंच मूळव्याध नसतं

एसटी स्टँडच्या आणि रेल्वेरुळांच्या कडेच्या भिंतींवर ‘मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन’ असं एका दमात रंगवलेलं असतं. त्यामुळे गुदद्वाराच्या भागातलं प्रत्येक दुखणं लोक मूळव्याध म्हणूनच ओळखतात. शौचाच्या वेळी काच घासल्यासारखी कळ आणि नंतर तासभर आग, हे बहुधा फिशर, म्हणजे त्वचेला पडलेली चीर. चिरेवरून कांडी ढकलणं ही शिक्षाच. गुदद्वाराशेजारच्या बारीक भोकातून पू येत असेल तर भगंदर. ताप, ठणका आणि सूज एकत्र असेल तर पू साठलेलं गळू. त्याला त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. यांतल्या एकालाही मूळव्याधीच्या कांडीनं गुण येत नाही.

आणि रक्त. मूळव्याधीचं रक्त लालभडक असतं, शौचापासून वेगळं, थेंबांनी पडणारं. पण लाल रक्त म्हणजे मूळव्याधच, हे उलट वाचन जिवावर बेतू शकतं. रक्त शौचात मिसळून येणं, शौच डांबरासारखं काळं होणं, सवय अचानक बदलून कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, वजन उतरणं, जिना चढताना धाप लागणं, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं, किंवा पंचेचाळिशी उलटल्यावर पहिल्यांदाच रक्त दिसणं: यांतलं एकही असेल तर कांडी बाजूला ठेवून तपासणी करायची. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं होतं आणि बिटाच्या कोशिंबिरीनं लाल, हे लक्षात ठेवावं. पण तसंच असेल असं गृहीत धरून घरी बसू नये. वर्षानुवर्षं थेंब थेंब गेलेल्या रक्तानं रक्तक्षय झालेली माणसं दवाखान्यात येतात ती थकव्यासाठी, आणि रक्त जातं हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

तपासणीचीच भीती बहुतेकांना अडवते. पण हे दुखणं आणि त्याची तपासणी दोन्ही जुनीच आहेत. सुश्रुतानं अर्शाला, म्हणजे मूळव्याधीला, आठ महारोगांत गणलं आणि औषध, क्षार, अग्नी, शस्त्र असे त्याचे चार उपाय सांगितले. वाग्भटानं अर्श पाहण्यासाठी गाईच्या आचळाच्या आकाराचं, चार बोटं लांबीचं पोकळ यंत्र वर्णिलं आहे. आजच्या डॉक्टरांच्या टेबलावरचं प्रॉक्टोस्कोप आकारानं आणि लांबीनं जवळपास तसंच असतं. डाव्या कुशीवर, कांडी ठेवताना झोपतो तसंच झोपायचं. ही तपासणी सहसा भूल न देता होते आणि काही मिनिटांत संपते.